एकट्याने खेळायचा चिंचोक्यांचा खेळ



आपले बहुतेक बैठे खेळ सोबती मागतात. वाघबकरी घ्या की सारीपाट घ्या, समोर गडी नसला की पट गुंडाळून ठेवायचा. पण शेतात पाखरं राखायला बसलेलं पोट्टं एकटंच असतं. एकशिक्षकी शाळेत गुरुजी दुसरीला वाचायला शिकवीत असतात, तेव्हा गणित आधीच संपवलेला चौथीतला मुलगाही एकटाच असतो. तो शेजाऱ्याला चिमटे काढतो आणि बोलणी खातो. त्याच्यासाठी हा खेळ आहे.

नागपुरात बर्डीवरच्या खेळण्यांच्या दुकानांत 'ब्रेनव्हिटा' म्हणून विचारा. गोल तबकडी, तीत खळगे आणि काचेच्या गोट्या. पण विकत घ्यायची मुळीच गरज नाही. पुठ्ठ्यावर तीन-तीन घरांच्या दोन ओळी आखा, त्यांखाली सात-सात घरांच्या तीन आणि पुन्हा तीन-तीनच्या दोन. अधिकाच्या चिन्हासारखा ३३ घरांचा पट झाला. पुठ्ठा दप्तरात, चिंचोके खिशात.

मधले घर रिकामे ठेवून ३२ चिंचोके मांडायचे. चिंचोक्याने शेजारच्यावरून सरळ उडी मारून पलीकडच्या रिकाम्या घरात बसावयाचे. ज्याच्यावरून उडी गेली तो उचलायचा. उडी उभी किंवा आडवी, तिरपी नाही. ३१ उड्यांनंतर मधल्या घरात एकच उरला, की जिंकलात.

पहिल्याच दिवशी सगळा पट मुलापुढे ठेवू नका; पाच-सहा चिंचोके अडकून राहतील आणि ते कंटाळेल. सहापासून सुरुवात करा. मधल्या उभ्या रांगेत वरून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या घरांत एकेक, आणि तिसऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक. आता तिसऱ्याने डावीकडे उडी घ्यावी, पाचव्याने वर. मग उजवीकडच्याने डावीकडे, डाव्या टोकाच्याने परत उजवीकडे, आणि शेवटी वरच्याने खाली. पाच उड्यांत काम झाले! मात्र हे तुमच्यापुरते, बरं का. मुलाला सांगितलेत तर खेळ तिथेच मेला.

हे न सांगणेच आपल्याला जड जाते. फळ्यापुढे उभे केले की ज्याची बोबडी वळते, ज्याला आपण 'ढ' म्हणून मोकळे होतो, तो मुलगा इथे वीस वेळा चुकतो आणि कोणाला कळतही नाही. चिंचोके हसत नाहीत. एकविसाव्या वेळी तो थांबून, हात आवरून विचार करतो. त्या वेळी मागून "अरे, असं कर" म्हणू नका.

वरच्या वर्गांसाठी यात गणितही आहे. आडव्या ओळींत १, २, ३, १, २, ३ असे अंक लिहा. प्रत्येक खालची ओळ एकेक घर सरकवा, म्हणजे उभ्या रांगेतही तोच क्रम येईल. मधल्या घरात १ येऊ द्या. आरंभी १ च्या घरांत १० चिंचोके, २ व ३ च्या घरांत ११-११. प्रत्येक उडीत दोन गटांतला एकेक कमी होतो, तिसऱ्यात एक वाढतो. म्हणजे तिन्ही गटांत समाचे विषम, विषमाचे सम होते. ३१ उड्यांनी १ चा गट विषम होतो, बाकीचे सम. म्हणून शेवटचा चिंचोका १ च्याच घरात! ओळी उलट बाजूला सरकवूनही हेच येते. दोन्ही मिळून पाचच जागा उरतात: मधले घर आणि चारही टोकांच्या ओळींतली मधली घरे. मुलांना आधी अनुभवू द्या, मग विचारा.

खेळ जुना आहे. १६९७ च्या एका फ्रेंच चित्रात एक उमराव स्त्री तो खेळताना दिसते. एका चिंचोक्याच्या सलग उड्या एकच चाल धरल्या, तर १९१२ साली बर्घोल्ट यांनी १८ चालींत तो सोडवला. त्याहून कमी चालींत सुटत नाही हे बीझली यांनी १९६४ मध्ये सिद्ध केले. आणि जर्मन तत्त्ववेत्ता लायब्निट्स याला तो उलटा खेळणे आवडे: रिकाम्या घरावरून उडी मारायची आणि त्या घरात नवा चिंचोका ठेवायचा. तुमच्या शाळेतल्या एखाद्याने सरळ खेळ सोडवलाच, तर मधे एकच चिंचोका ठेवा, बाकीचे ३१ त्याच्या ओंजळीत द्या आणि पट भरायला सांगा.