पहिलीचा वर्ग आणि घरची बोली

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



वाचनालयाच्या शताब्दीच्या प्रसंगी ग्रंथांविषयी, ग्रंथकारांविषयी आणि ज्यांनी पै-पै गोळा करून ही कपाटे भरली त्या पूर्वसूरींविषयी बोलले जावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु पुस्तकांच्या देवघेवीसाठी येणारा प्रत्येक वाचक एके काळी पहिलीच्या वर्गात पाटी घेऊन बसलेला असतो. वाचनाशी त्याचे सूत जुळते ते तेथे, आणि वाचनाची धास्ती मनात बसते तीही बहुधा तेथेच. म्हणून आजच्या विवेचनासाठी विषय घेतला आहे तो पहिलीच्या वर्गाचा. तेथे मूल काय शिकते, आणि शिकण्यासाठी त्याला काय करू दिले जाते, हा तो प्रश्न आहे.

पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरे गिरवून शिक्षणाचा आरंभ होई. अक्षर वळणदार व्हावे, पाढे आणि पावकी-निमकी तोंडपाठ व्हावी, येवढी अपेक्षा असे. त्या पद्धतीने हात आणि स्मरणशक्ती यांना वळण लावले, हे मान्य केले पाहिजे. मात्र तिने एक गोष्ट गृहीत धरली होती. मूल शाळेत येते तेव्हा ते कोरे असते, आणि त्या कोऱ्या पाटीवर गुरुजींनी लिहावयाचे असते, असा तो समज होता. वस्तुतः सहा वर्षांचे मूल कोरे नसते. आईवडिलांशी भांडण्याइतकी, शेजाऱ्याच्या घरची बातमी सांगण्याइतकी, आणि वेळ आली तर सफाईने थाप मारण्याइतकी भाषा त्याने कोणत्याही पुस्तकावाचून कमावलेली असते. शाळा त्या भाषेचे काय करते, यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते.

आपल्या हुबळी-धारवाडकडे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. येथील मराठी घरातले मूल उंबरठा ओलांडले की कन्नडमध्ये शिरते. खेळगडी कन्नड, बाजार कन्नड, बसमधला कंडक्टर कन्नड. अशा मुलाला चित्रातले झाड दाखविले आणि ते ‘मर’ म्हणाले, तर कन्नड शब्द म्हणून ते अगदी बरोबर असते. मराठी कानाला मात्र तो भलताच अभद्र उद्गार वाटतो. मधल्या सुट्टीत एकाने दुसऱ्याला ‘ऊट?’ असे विचारले, तर तो जेवणाची चौकशी करीत असतो, कोणाला उठवीत नसतो. आणि घरची मराठी तरी पुस्तकातली कोठे असते? कोल्हापूर-बेळगावापासून या बाजूच्या मराठीत मुलगीही ‘मी जातो’ म्हणते, आणि ‘ये की’, ‘बस की’ असा लाडिक आग्रह करते. तिच्या आईची आणि आजीची भाषा तीच. वर्गात तिने हात वर करून ‘बाई, मी सांगतो’ म्हटले आणि सगळा वर्ग हसला, की तिच्या मनात एक हिशेब मांडला जातो. आपल्या घरी बोलतात ते चुकीचे, आणि चुकीचे बोलण्यापेक्षा गप्प बसलेले बरे. पुढे वर्षानुवर्षे ती वर्गात गप्प बसली, तर आपण तिला ‘शांत मुलगी’ म्हणून वाखाणतो.

हे दुःख केवळ मराठी मुलाचे आहे असे मात्र कोणी समजू नये. या भूमीचा इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. एकोणिसाव्या शतकात धारवाड प्रांत मुंबई इलाख्यात होता, आणि येथल्या सरकारी शाळांवर मराठीचे वर्चस्व होते. ज्याच्या घरी मराठीचा शब्दही उच्चारला जात नव्हता, अशा कन्नड मुलाला विद्येसाठी मराठीच्या दारातून जावे लागे. वॉल्टर एलियट यांच्यासारख्या इंग्रज अधिकाऱ्याला ही विसंगती जाणवली आणि त्यांनी कन्नड शिक्षणाचा पुरस्कार केला. पुढे शिक्षणखात्यातील डेप्युटी चन्नबसप्पा यांनी कन्नड शाळा आणि कन्नड पाठ्यपुस्तके यांसाठी आपले आयुष्य वेचले. १८९० साली धारवाडात स्थापन झालेला कर्नाटक विद्यावर्धक संघ याच जागृतीचे फळ होय. त्या काळच्या मराठी मंडळींना हे सारे कदाचित रुचले नसेल. परंतु मुलाचे पहिले शिक्षण त्याच्या घरच्या भाषेत व्हावे, हे तत्त्व आपल्या मुलांसाठी मागावयाचे असेल, तर डेप्युटी चन्नबसप्पांचे म्हणणे न्याय्य होते, हे आपण आधी मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

घरची भाषा आणि घरचे जीवन यांना वर्गात जागा कशी द्यावी, याचा वस्तुपाठ मराठी शिक्षणाच्या इतिहासात आहे. तो धारवाडपासून दूर, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात घडला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहवासात बालशिक्षणाची दीक्षा घेतलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्या साथीला अनुताई वाघ आल्या. बालवयातच वैधव्य आलेल्या, पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत शिक्षिकेचे काम केलेल्या अनुताईंनी पुढचे सारे आयुष्य या कार्याला दिले.

डॉ. माँटेसरींच्या पद्धतीतील साधने सुबक, पण महाग. खेड्यातील शाळेला ती परवडणारी नव्हती. या दोघींनी साधनांचा हेतू ठेवला आणि वस्तू बदलल्या. शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, बांबूच्या कांड्या यांतून मोजणे, जुळविणे, लहानमोठे ओळखणे, रंग लावणे सुरू झाले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर रूढ झालेला ‘अंगणवाडी’ हा शब्द याच प्रयोगाची देणगी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिने हा शब्द स्वीकारला.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर आले, आणि तेथे वारली मुलांचा प्रश्न समोर उभा राहिला. ही मुले गुरे राखीत. शाळेत या म्हटले तर गुरे कोण सांभाळणार? तेव्हा शाळाच कुरणावर गेली. ‘कुरणशाळा’ हे नाव ऐकावयास काव्यमय वाटते, पण तिच्यामागे रोखठोक विचार होता. मुलाच्या दिवसाचा क्रम मोडून त्याला शिकवता येत नाही, तर त्या क्रमातच शिक्षणाला जागा शोधावी लागते. गुरे चरत असताना गाणी, गोष्टी, मोजणी, अक्षरओळख असे शिक्षण चाले. वारली मुलाची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी. शिक्षिकेला आधी ती बोली कान देऊन ऐकावी लागली, त्या मुलांना ठाऊक असलेली झाडे, पाखरे, सण आणि कामे समजून घ्यावी लागली. या अनुभवांचे कथन अनुताईंच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात आहे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली.

ही परंपरा तेथेच थांबली नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विदुषींनी तेथील बोलीचा शास्त्रीय अभ्यास केला, आणि दलित वस्तीतील मुले वाचायला शिकण्यापूर्वीच शाळेतून गळतात हे पाहून त्यांच्यासाठी वर्ग काढले. त्यातून १९७८ साली प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली. वर्णमालेचा क्रम संपेपर्यंत मुलाला थांबवून न ठेवता, थोडी अक्षरे आणि थोडी स्वरचिन्हे हाती आली की लगेच शब्द आणि वाक्ये वाचावयास द्यावीत, असा त्यांच्या पद्धतीचा रोख आहे. कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढले, आणि परिसरातील माणसे, व्यवसाय, रस्ते यांनाच पाठ्यविषय केले. परदेशातही याला समांतर उदाहरण आहे. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या शिक्षिका माओरी मुलांना विचारीत, ‘तुला आज कोणता शब्द हवा?’ मूल जो शब्द मागेल, तोच कार्डावर लिहून त्याच्या हाती दिला जाई. मुले भीतीचे आणि प्रेमाचे शब्द मागत, आणि ते शब्द एकदा पाहून त्यांच्या लक्षात राहत.

या सर्वांचे सार आपल्या वर्गात उतरवावयाचे, तर फार मोठ्या खर्चाची गरज नाही. दिवसाच्या आरंभी अर्धा तास गप्पांचा असावा. घरी काय झाले, कोण आले, काय शिजले, हे मुलाने आपल्या बोलीत सांगावे. त्यातले एक वाक्य शिक्षिकेने मुलाच्याच शब्दांत फळ्यावर लिहावे. ‘मी काल आजोळी गेलतो’ असे मुलगी म्हणाली, तर तसेच लिहावे. आपण बोलतो ते लिहिता येते, आणि लिहिलेले पुन्हा वाचले की तेच ऐकू येते, हा साक्षात्कार वाचनाचा खरा श्रीगणेशा होय. प्रमाण मराठीचे रूप पुढे गोष्टींतून, गाण्यांतून, वाचून दाखविलेल्या पुस्तकांतून हळूहळू शेजारी आणून ठेवावे. दोन रूपे आहेत, एक घरचे आणि एक पुस्तकाचे, हे मुलाला सहज कळते. कारण दोन भाषांत वावरण्याचा सराव त्याला आधीच असतो.

कन्नडचेही तसेच. ‘मर’ हा शब्द खोडून टाकण्याऐवजी त्याच्या शेजारी ‘झाड’ लिहावे. अक्का, अण्णा हे दोन्ही भाषांना सामाईक; कन्नडमधला ‘तुप्प’ तोच आपला ‘तूप’. असे शब्द गोळा करण्याचा खेळ पहिली-दुसरीच्या मुलांना दिला, तर ती घरोघर हिंडून वह्या भरतील, आणि भाषांच्या शेजारधर्माचा धडा कोणत्याही उपदेशाविना शिकतील. ज्ञानपीठाने गौरविलेले कन्नड महाकवी द. रा. बेंद्रे यांचा जन्म १८९६ साली धारवाडात एका मराठी घरात झाला होता. कन्नडमध्ये त्यांची प्रतिभा बहरली आणि मराठीतही त्यांनी लेखन केले. दोन भाषांचे ओझे होते असे ज्यांना वाटते, त्यांनी या गावचे हे उदाहरण नजरेआड करू नये.

यावर पालकांचा आक्षेप असतो, आणि तो खोटा नाही. मराठीत शिकून पुढे काय? १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम घालून भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, अशी तरतूद केली. १९९४ साली कर्नाटक शासनाने पहिली ते चौथीचे माध्यम मातृभाषा किंवा कन्नड असावे असा आदेश काढला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की माध्यमाची सक्ती शासनाला करता येत नाही; निवड मुलाच्या वतीने पालकाने करावयाची आहे. आता दोष देण्यास सरकार उरले नाही. निवड आपली आहे, आणि आपल्यापैकी अनेकांनी नातवंडांसाठी इंग्रजी शाळा निवडली आहे. पोटापाण्याची काळजी करणाऱ्या पालकाची निंदा करून काही साधणार नाही. पण मग इंग्रजी शाळेतल्या त्या मुलाला आपल्या आजीची भाषा वाचता कोठे यावयाची?

येथे वाचनालयाचे काम सुरू होते. सभासदांत निवृत्त शिक्षक आहेत, गोष्टी सांगणाऱ्या आजी आहेत, सुंदर अक्षराचे आजोबा आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांसाठी राखून ठेवावी. मुलाने बोलावे, आजोबांनी ते मोठ्या ठसठशीत अक्षरांत लिहून घ्यावे, मुलाने चित्र काढावे, आणि पाने शिवून त्याची पुस्तिका करावी. शेजारचे कन्नड मूल आले तर त्याची गोष्ट कन्नड लिपीत लिहून घ्यावी. त्या पुस्तिकांवर वाचनालयाचा शिक्का मारून, दाखलक्रमांक घालून, त्या कपाटात ठेवाव्यात. सहा वर्षांचे मूल ‘माझे पुस्तक द्या’ म्हणत देवघेवीच्या टेबलाशी येईल, तेव्हा टाचा उंचावून उभा असलेला तो नवा सभासद नोंदवहीत लिहून घ्यावा. पुढच्या शंभर वर्षांच्या यादीतले ते पहिले नाव असेल.