सैन्यातील शुश्रूषा साहाय्यक
(रुग्णालयाच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



सैन्यातील वैद्यकीय सेवा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर खांद्यावर तारे मिरविणारा डॉक्टर उभा राहतो. त्याच्या शेजारचा जवान सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. सेना वैद्यकीय दलातील त्या शुश्रूषा साहाय्यकाविषयी, म्हणजे पलटणीतील ‘नर्सिंग असिस्टंट’विषयी, मी बोलणार आहे. त्याच पदावर सेवा करून मी हवालदार म्हणून निवृत्त झालो.

आपल्या जिल्ह्याला या विषयाचा एक जुना व क्लेशदायक संदर्भ आहे. केळणा आणि जुई या नद्यांच्या काठी असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी लढाई झाली. एकट्या इंग्रज पक्षाचे अकराशेहून अधिक सैनिक जखमी झाले. त्यांपैकी कित्येकांना ती रात्र रणांगणावरच काढावी लागली. पुढे त्यांच्यासाठी अजिंठ्यास रुग्णालय थाटण्यात आले. शिंदे-भोसले पक्षाच्या जखमींचे आकडे तर केवळ अंदाजानेच सांगितले जातात. जखमीजवळ प्रथम पोहोचणारा प्रशिक्षित माणूस ही व्यवस्था फार उशिरा आली. १९२० साली इंडियन हॉस्पिटल कोअर स्थापन झाले आणि ३ एप्रिल १९४३ रोजी ते अन्य वैद्यकीय सेवांसह एका दलात विलीन झाले. त्या दलाचे प्रशिक्षण केंद्र लखनौ येथे आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी घेऊन बारावी झालेल्या मुलास या पदासाठी अर्ज करता येतो. आपल्या भागातील पालकांना हे फारसे ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगितले.

पलटणीच्या मदत-चौकीत एक डॉक्टर असतो आणि त्याच्या हाताखाली असे मोजके साहाय्यक. तुकडी दूरच्या ठाण्यावर गेली की तेथे डॉक्टर नसतो, साहाय्यकच असतो. नऊ हजार फुटांपलीकडे जवानाला टप्प्याटप्प्याने चढवावे लागते : पहिल्या टप्प्यावर सहा दिवस, पुढील दोन टप्प्यांवर चार-चार दिवस. तरीही एखाद्याच्या फुप्फुसांत पाणी साठते. रात्रीचा कोरडा खोकला आणि बसल्या जागी लागणारी धाप ओळखून प्राणवायू सुरू करणे व त्याला खाली उतरविण्याचा आग्रह धरणे, हे साहाय्यकाचे काम. समोर सुभेदार असला तरी आग्रह सोडता येत नाही.

या शिक्षणाचा उपयोग आपल्या शिवारातही आहे. थ्रेशरमध्ये हात सापडून रक्ताची धार लागली, तर जखमेवर घट्ट दाब द्यावा. रक्त थांबेचना तर वरच्या बाजूस पट्टा आवळावा आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवावी. सर्पदंशात मात्र हाच पट्टा घातक ठरतो. तेथे काहीही आवळू नये, चिरा देऊ नये. अवयव स्थिर ठेवून रुग्णास तत्काळ रुग्णालयात आणावे. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्याकडे आहे. पण ती येईपर्यंतची मिनिटे घरच्यांच्याच हाती असतात.

निवृत्तीनंतर काय होते, तेही सांगतो. माजी सैनिकांसाठी २००३ साली सुरू झालेल्या अंशदायी आरोग्य योजनेच्या दवाखान्यांत आमचे प्रथम श्रेणीचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. इतरत्र परिचारकाच्या पदासाठी परिषदेची नोंदणी लागते. हा नियम रुग्णांच्या हिताचाच आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु पंधरा-वीस वर्षे जखमा बांधलेला माणूस मग एखाद्या बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो, हे मात्र खटकते. अपघात विभागातील रुग्णांचे स्वागत व तातडीनुसार वर्गवारी, रुग्णवाहिकेची सज्जता, उपकरणांचे निर्जंतुकीकरण आणि गावोगावची प्रथमोपचार शिबिरे या कामांत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, त्याचा अनुभव उपयोगी पडेल.

विश्वस्त मंडळाने येत्या वर्षी अशा दोन माजी जवानांना सामावून घ्यावे आणि देणगीदारांनी त्यांच्या मानधनाचा भार उचलावा, अशी माझी नम्र विनंती आहे. शिबिरांसाठी मी स्वतः विनामूल्य येईन. पहिले शिबिर असई गावात घ्यावे.

जय हिंद.