मंदीच्या काळात राज्याच्या अर्थसंकल्पाचा तोल

(जामुल, भिलाई येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



राज्याचा अर्थसंकल्प म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर विधानसभा आणि आकड्यांची जाडजूड पुस्तके येतात. परंतु तो समजून घ्यावयाचा असेल तर जामुलसारखे ठिकाण अधिक उपयुक्त आहे. येथे एसीसीचा सिमेंट कारखाना १९६५ पासून आहे. शेजारी भिलाई पोलाद प्रकल्प आहे. त्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि त्याला लोहखनिज दल्ली-राजहरा येथून मिळत आले. पोलाद आणि सिमेंट या दोन्ही वस्तूंची मागणी बांधकामाशी निगडित असल्याने मंदीची झळ त्यांना लवकर बसते. ट्रकच्या फेऱ्या कमी होतात, कंत्राटी कामगारांचे काम सुटते आणि त्यापाठोपाठ राज्याच्या तिजोरीतील ओघही आटतो.

तुटीचे तीन अर्थ

महसुली खर्च महसुली जमेपेक्षा अधिक झाला की महसुली तूट निर्माण होते. कर्ज वगळता सर्व जमा आणि एकूण खर्च यांतील अंतर म्हणजे राजकोषीय तूट. तीतून व्याजाची रक्कम वजा केली की प्राथमिक तूट मिळते. रस्ते वा सिंचनासाठी काढलेले कर्ज आणि वेतन भागविण्यासाठी काढलेले कर्ज यांत मोठा फरक आहे. पहिल्यातून मत्ता उभी राहते, तर दुसऱ्यातून केवळ पुढील वर्षाचे व्याज. म्हणून 'तूट किती?' या प्रश्नाइतकाच 'तूट कशासाठी?' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मंदी तिजोरीत कशी शिरते?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. राज्याची जमा १०० रुपये आहे आणि त्यांपैकी ५५ रुपये वेतन, निवृत्तिवेतन व व्याज यांवर खर्च होतात. हा बांधील खर्च लगेच कमी करता येत नाही. मंदीमुळे जमा ९० रुपयांवर आली, तर उरलेल्या कामांसाठी ४५ ऐवजी ३५ रुपयेच शिल्लक राहतात. म्हणजे उत्पन्नातील घट १० टक्के असली, तरी विकासकामांना बसणारी कात्री २२ टक्क्यांहून अधिक असते.

खनिजसंपन्न राज्यात आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. चुनखडीवरील स्वामित्वधन टनामागे ठरावीक असते. लोहखनिजावरील स्वामित्वधन मात्र ऑगस्ट २००९ पासून विक्रीमूल्याच्या टक्केवारीने आकारले जाते. तो दर प्रथम १० टक्के होता व २०१४ मध्ये १५ टक्के झाला. त्यामुळे तेजीत राज्याला भरघोस प्राप्ती होते, पण किमती कोसळल्या की तीही कोसळते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. हा कर उपभोगाच्या ठिकाणी जमा होतो. जामुलचे सिमेंट ज्या राज्यात वापरले जाते, त्या राज्याला कराचा वाटा मिळतो. उत्पादक राज्यांची चिंता येथूनच उद्भवते.

२००८ चा अनुभव

बाराव्या वित्त आयोगाने राज्यांना वित्तीय उत्तरदायित्वाचे कायदे करण्यास प्रवृत्त केले. महसुली तूट शून्यावर आणि राजकोषीय तूट सकल राज्यांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्ट २००८-०९ साठी होते. महाराष्ट्र व छत्तीसगढ या दोन्ही राज्यांनी २००५ मध्ये असे कायदे केले. नेमक्या त्याच उद्दिष्टवर्षी जागतिक मंदी आली. केंद्राने डिसेंबर २००८ मध्ये उत्पादन शुल्कात ४ टक्के अंकांची कपात केली. उद्योगांना दिलासा मिळाला, परंतु विभाज्य करनिधी घटल्याने त्यातील राज्यांचा ३०.५ टक्क्यांचा हिस्साही रकमेने आक्रसला. तेव्हा राज्यांच्या तुटीची मर्यादा २००८-०९ साठी ३.५ टक्के आणि २००९-१० साठी ४ टक्के करण्यात आली. छत्तीसगढ मात्र महसुली आधिक्य घेऊन या मंदीला सामोरे गेले. चांगल्या वर्षांत राखलेली शिल्लक वाईट वर्षात आधार देते, हा त्याचा अर्थ.

२०२० ची कसोटी

कोविड काळात परिस्थिती अधिक बिकट होती. महाराष्ट्राच्या वित्त विभागाने ४ मे २०२० रोजी निर्णय काढून योजनांवरील खर्च अर्थसंकल्पित तरतुदीच्या ३३ टक्क्यांपर्यंत सीमित केला, नवी कामे व नोकरभरती थांबविली आणि आरोग्यासारख्या विभागांना प्राधान्य दिले. नोकरीची वाट पाहणाऱ्या तुमच्यासारख्या तरुणांसाठी 'काटकसर' या शब्दाचा अर्थ काय असतो, हे वेगळे सांगावयास नको.

राज्ये स्वेच्छेने हवे तेवढे कर्ज काढू शकत नाहीत. केंद्राचे कर्ज शिल्लक असलेल्या राज्याला संविधानाच्या अनुच्छेद २९३(३) नुसार केंद्राची संमती घ्यावी लागते. मे २०२० मध्ये ही मर्यादा ३ वरून ५ टक्के झाली. मात्र वाढीव २ टक्क्यांपैकी केवळ अर्धा टक्का विनाअट होता. उर्वरित भाग शिधापत्रिका, उद्योगसुलभता, वीजवितरण आणि नागरी संस्था या क्षेत्रांतील सुधारणांशी जोडला होता. रिझर्व्ह बँकेने अर्थोपाय अग्रिमांची मर्यादा ६० टक्क्यांनी वाढविली. तथापि ही सोय रोखीची तात्पुरती चणचण भागविण्यासाठी असते, तूट भरून काढण्यासाठी नव्हे.

कात्री कोठे लावावी?

भांडवली खर्च कापणे सर्वांत सोपे असते, कारण न बांधलेला पूल तक्रार करीत नाही. पण रस्त्यांची कामे थांबली की सिमेंटची मागणी घटते, जामुलसारख्या ठिकाणचा रोजगार जातो आणि करमहसूल आणखी खाली येतो. असा समतोल स्वतःच स्वतःला बिघडवितो. दुसरी पळवाट म्हणजे कंत्राटदारांची देयके पुढील वर्षावर ढकलणे. शासकीय हिशेब रोख तत्त्वावर असल्याने तूट कागदावर कमी दिसते, परंतु दायित्व कायम राहते आणि मजुरांची मजुरी अडते.

यापेक्षा महाराष्ट्राचा जुना धडा मोलाचा आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांनी लाखो हातांना आधार दिला. त्यासाठी निधीचा निश्चित स्रोत असावा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला आणि पुढे हमीला कायद्याचे पाठबळ मिळाले. संकटात खर्च वाढवावा, पण त्याचा भार कोण उचलणार हेही त्याच वेळी ठरवावे, हे या धोरणाचे सार होय.

मित्रहो, उत्तर लिहिताना क्रम ध्यानी ठेवा: आधी अनुत्पादक खर्च व थकीत करवसुली, मग मर्यादित मुदतीचे कर्ज, आणि अगदी शेवटी भांडवली व सामाजिक खर्चातील कपात. तेजीत खनिजांपासून मिळालेली अतिरिक्त प्राप्ती कायमस्वरूपी आश्वासनांत न गुंतविता कर्जफेड निधीत ठेवणे हा या क्रमाचा पाया आहे. अर्थसंकल्पाचा तोल एका वर्षाच्या ताळेबंदावर जोखू नये. तेजी आणि मंदी यांच्या पूर्ण आवर्तनात तो राखला गेला की नाही, आणि तो राखताना सर्वांत दुर्बल माणसाच्या खांद्यावर किती भार पडला, हे पाहूनच राज्यकारभाराचे मूल्यमापन करावे.