बासरी वाढत्या अंगाची नको

मुलांना बासरी घेऊन देणाऱ्या आईवडिलांशी मला बोलायचं आहे. आधी मुलाचा हात बघा, बासरी मग. मिनिटं थोडी आहेत आणि हे कुणाचं ऐकायचं राहून गेलं तर पुढच्या सगळ्याचा उपयोग नाही, म्हणून ते सुरुवातीलाच सांगून टाकलं.

आमच्या विंझर गावाकडे काय होतं, पोरगं टीव्हीवर बासरीवादक हरिप्रसाद चौरसियांना बघतं, त्याला ती लांब बासरी हवी असते. वडील पुण्याला जातात आणि एकटेच जाऊन अडीच फुटांची बासरी घेऊन येतात. 'पोरगं वाढतंय, पुढं उपयोगी पडेल.' हौस खरी आहे, कष्टाचे पैसे आहेत, पण बासरी चुकली.

चपलेचंच घ्या. वाढत्या पायाला एक नंबर मोठी चप्पल आपण घेतो. मग पोरगं भातखाचराच्या बांधावरून बोटं आखडून, चप्पल धरून चालतं. पाय वाढतो, चप्पल बरोबर बसायला लागते, पण तोवर बोटं आखडून चालायची सवय झालेली असते. मोठ्या बासरीवर तेच होतं. खालच्या हाताची अनामिका शेवटच्या छिद्रापर्यंत पोचत नाही. मग मनगट वाकडं होतं, खांदा वर येतो आणि वरची बोटं उचलली जातात. केसाएवढी फट राहिली तरी खालचा सूर चिरकतो. पोराला वाटतं, आपल्याला दम नाही. आपणही म्हणून टाकतो, 'याला जमत नाही.' त्याला जमत होतं हो, त्याचं बोट पुरत नव्हतं!

पन्नालाल घोषांनी सुमारे 32 इंचांची बासरी शास्त्रीय मैफलीत रूढ केली, त्यांचं ऋण आपल्यावर आहेच. पण ते मुष्टियुद्ध खेळलेले, कमावलेल्या शरीराचे होते. हरिप्रसादजी तर पहिलवानाच्या घरातले. ती बासरी मोठ्या माणसाच्या पंजाची आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलाला पेटीच्या पांढरी एक पट्टीची, दीड फुटाच्या आसपासची बासरी पुष्कळ झाली. हात वाढला की पांढरी सहा, मग पांढरी पाच, असं खालच्या सुराकडे, म्हणजे लांब बासरीकडे यावं. छोटी बासरी वाया जात नाही. चप्पल झिजते, बासरी धाकट्या भावंडाला जशीच्या तशी मिळते.

आणि सहा छिद्रांचीच घ्या. ती डावीकडे धरा नाहीतर उजवीकडे, चालते. सातवं छिद्र असलं की बाजू ठरून जाते.

आता सूर. महाशिवरात्रीला बनेश्वरच्या जत्रेत रंगीत बासऱ्या मिळतात. खेळायला जरूर घ्या, शिकायला नको. त्यातल्या पुष्कळांची छिद्रं सुरावर केलेली नसतात. पारख सोपी आहे. वरची तीन छिद्रं झाका, हळू फुंका, तो सा. बोटं न हलवता फुंक जोरात आणि बारीक केली की तार सा यायला हवा. नुसताच वर गेलेला सूर नको, खरा तार सा हवा. ओळखू येत नसेल तर देवळातल्या भजनाच्या पेटीवाल्याला ऐकवा. त्याचा कान तयार असतो.

कुणी म्हणेल, आपल्या डोंगरात बांबू काय कमी आहे? आपला मेस बांबू भरीव, काठीला उत्तम. बासरीला पातळ भिंतीचा, लांब पेऱ्याचा बांबू लागतो. तो आसामकडून येतो. उत्तर प्रदेशातल्या पीलीभीतचे कारागीरही तोच वापरतात.

बरोबर काय घ्यायचं? कापडी पिशवी आणि काडीला गुंडाळायला सुती चिंधी, एवढंच. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. वाजवल्यावर आतून फुंकेचं पाणी पुसलं नाही आणि बासरी तशीच प्लास्टिकात कोंबली, तर बुरशी धरते. चैत्र-वैशाखात पत्र्याखाली ठेवली तर तडकते. दोरा बांधलेला असला तर तडा आवरतो. तेलाचं मात्र... तेल फार लावू नका, चिंधीनं आतून अगदी पुसट फिरवा, आणि कुठलं, किती दिवसांनी, ते तुमच्या शिकवणाऱ्यांना विचारा.

तेव्हा पुन्हा तेच सांगते. दुकानात मुलाला बरोबर न्या. त्याला बासरी धरायला लावा, सहाही छिद्रं बोटांच्या गादीनं झाकायला सांगा आणि मनगट सरळ आहे का ते तुम्ही बघा. दुकानदार घाई करील, करू दे. शेवटच्या छिद्रावर बोट ताणावं लागत असेल तर ती बासरी खाली ठेवा आणि लहान मागा.