कॉलेजचा गार्ड आणि धंद्याचे मैदान



या व्यासपीठावरून आपण विद्वानांची भाषणे ऐकत आला आहात. आम्ही विद्वान नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. अशा माणसाने अमेरिकेतील बास्केटबॉलवर बोलावे, हे वाचून कार्यक्रमपत्रिकेत मुद्रणदोष राहिला असावा, अशी शंका काहींना आली असेल. मुद्रकाकडे दोष नाही. आमच्या युनियनचे तरुण सभासद पहिली पाळी नसली की सकाळी मोबाइलवर अमेरिकेतले सामने पाहतात आणि मग कॅन्टीनमध्ये त्यांवर भांडतात. त्यांचा एक वाद काही केल्या मिटत नाही. कॉलेजात नाव काढलेला गार्ड धंदेवाईक खेळात कसा निभावेल, हे अगोदर सांगता येते काय? तो वाद ऐकता ऐकता आमच्या ध्यानात आले की, हा प्रश्न आमच्या चांगल्या परिचयाचा आहे. हा शिकाऊ उमेदवाराचा प्रश्न आहे.

आय.टी.आय.तून पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला पोरगा कारखान्यात येतो. ज्या लेथवर तो शिकला तो लेथ तेथे नसतो. मशिन निराळे, वेळेचा हिशेब निराळा, शेजारी उभा असलेला माणूसही निराळा. सहा महिन्यांनी फोरमन शेरा मारतो की, पोरगा कामाचा नाही. हा शेरा पोराविषयी आहे की खात्याविषयी, हे कोणी विचारीत नाही. बास्केटबॉलमध्ये मात्र ते विचारता येते. कारण तेथे प्रत्येक फेक, प्रत्येक चूक आणि मैदानावरचे प्रत्येक मिनिट कागदावर नोंदलेले असते. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊ. पाच जणांच्या संघात साधारणतः दोन गार्ड असतात. चेंडू पुढे आणावयाचा, सोबत्यांना पुरवावयाचा आणि संधी मिळताच लांबून फेकावयाचा, हे त्यांचे काम. शरीराने ते बहुधा संघातले सर्वांत लहान. कॉलेजचा आणि धंदेवाईक संघांचा, म्हणजे एन.बी.ए.चा, खेळ नावाने एकच. पण मापे वेगळी आहेत. ज्या २०११ सालाविषयी आम्ही पुढे बोलणार आहोत, त्या वर्षी तीन गुणांची रेषा कॉलेजात बास्केटपासून २० फूट ९ इंचांवर होती. धंदेवाईक मैदानावर ती समोरून २३ फूट ९ इंच होती व आहे. कॉलेजने आपली रेषा २०१९ मध्ये २२ फूट पावणेदोन इंचांवर नेली, तरी अंतर उरलेच. चेंडू हाती आल्यावर कॉलेजात ३५ सेकंदांत फेक करावी लागे, २०१५ पासून ३० सेकंदांत. धंद्यात १९५४ पासून २४ सेकंदच मिळतात. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, धंदेवाईक ४८ मिनिटांचा. कॉलेजच्या मोसमात तीस-पस्तीस सामने होतात, येथे ८२.

याखेरीज एक भेद आहे, तो प्रेक्षकांच्या नजरेत चटकन भरत नाही. कॉलेजात बचाव करणारा उंच गडी बास्केटखाली ठाण मांडून उभा राहू शकतो. एखादा गार्ड बचावात कच्चा असला, तरी त्याच्या पाठीशी असा राखणदार असतो. धंदेवाईक खेळात २००१ पासून नियम आहे की, आपण कोणाला जवळून अडवीत नसू तर त्या रंगवलेल्या पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक रेंगाळावयाचे नाही. तेव्हा प्रतिपक्ष काय करतो? तो तुमच्या पाचांतला सर्वांत कच्चा बचावपटू हेरतो, आपल्या गड्यांची आडकाठी घालून त्यालाच आपल्या सर्वांत तरबेज गड्यासमोर आणून उभा करतो, आणि हे संध्याकाळभर करीत राहतो. कॉलेजात झाकून गेलेली उणीव येथे उघडी पडते.

आता भरतीची रीत पाहू. दरवर्षी संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. तीस संघ, दोन फेऱ्या, साठ नावे. हरलेल्या संघांना आधी संधी मिळते. ज्याने नाव घेतले त्याच्याकडे जावयाचे. मालक निवडण्याची मुभा उमेदवाराला नाही. पहिल्या फेरीत नाव आले, तर पगाराची श्रेणी १९९५ च्या करारापासून ठरलेली आहे आणि पहिल्या दोन वर्षांची हमी आहे. दुसऱ्या फेरीवाल्याला तशी हमी नाही. शिवाय २०२१ पर्यंत कॉलेजच्या खेळाडूला स्वतःच्या नावावर चार पैसे मिळविण्याचीही बंदी होती आणि कॉलेजांनी थेट मोबदला देण्याची वाट २०२५ मध्ये मोकळी झाली. म्हणजे ज्या काळाविषयी आम्ही बोलत आहोत त्या काळी, बिनपगारी उमेदवारी संपवून पोरगा या रांगेत उभा राही आणि त्याच्याविषयी केलेल्या भाकितावर त्याचा पहिला पगार ठरे.

२०११ चा ड्राफ्ट घ्या. त्या वर्षी युटातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा जिमर फ्रेडेट हा गार्ड देशभर गाजत होता. सामन्यागणिक सरासरी २८.९ गुण, त्या वर्षी कॉलेजांत एवढे कोणाचेच नव्हते. त्याचे नाव दहाव्या क्रमांकावर आले आणि अदलाबदलीत तो सॅक्रामेंटोच्या किंग्ज संघाकडे गेला. त्याच रात्री, अगदी शेवटी, साठाव्या क्रमांकावर, त्याच किंग्ज संघाने वॉशिंग्टन विद्यापीठाचा आयझेया थॉमस हा गार्ड घेतला. उंची ५ फूट ९ इंच. धंदेवाईक मैदानावर ही उंची पाहिली की जाणकार मान हलवीत.

दोघेही एकाच खात्यात, एकाच वर्षी रुजू झाले. शिवाय ते वर्ष वाईट होते. मालकांनी १ जुलैपासून टाळेबंदी पुकारली होती. ती डिसेंबरपर्यंत चालली. नवोदितांसाठी उन्हाळ्यात भरणारे सामने रद्द झाले, पूर्वतयारीला जेमतेम दिवस उरले आणि ८२ सामन्यांचा मोसम ६६ सामन्यांत कोंबला गेला. त्यावर आणखी भर म्हणजे, किंग्जच्या प्रशिक्षकाला सात सामन्यांनंतर काढून टाकले. उमेदवार येण्यापूर्वीच शिक्षणवर्ग बंद आणि आल्यावर आठ-पंधरा दिवसांत फोरमन बदललेला, अशी स्थिती!

पहिल्या मोसमाअखेर फ्रेडेटची सरासरी ७.६ होती, थॉमसची ११.५. साठाव्या क्रमांकाच्या पोराने सुरुवातीच्या पाचांत जागा मिळविली. फ्रेडेटचा करार २०१४ च्या फेब्रुवारीत पैसे चुकते करून संपविण्यात आला.

आमच्या कॅन्टीनमधले पोरगे म्हणतात, पाहा, फ्रेडेटविषयीचे भाकीत चुकले. आम्ही म्हणतो, थोडे थांबा. लोकांना मुख्य धास्ती होती ती याची की, तीन फूट लांबच्या रेषेवरून याची फेक लागेल काय? ती लागली. दुसऱ्या मोसमात त्याच्या तीन गुणांच्या शंभर फेकींतल्या चाळिसांहून अधिक बास्केटमध्ये गेल्या. हे प्रमाण कोणत्याही संघाला भूषण वाटावे असे आहे. हात बिघडला नव्हता, काम बदलले होते. कॉलेजात सारा संघ त्याच्याभोवती रचलेला होता. चेंडू त्याच्या हाती, वेळ ३५ सेकंद, चुकला तरी पुढची फेक पुन्हा त्याचीच. सॅक्रामेंटोत त्याने कोपऱ्यात उभे राहावे, चेंडू येईल तेव्हा फेकावा आणि बचावात कोणाला पुढे जाऊ देऊ नये, अशी अपेक्षा होती. यातली पहिली गोष्ट त्याला येत होती. तिसरी कॉलेजात त्याच्याकडून कोणी फारशी मागितलीच नव्हती. पुढे २०१६ मध्ये तो चीनमधील शांघायच्या संघात गेला. तेथे चेंडू पुन्हा त्याच्या हाती आला आणि सरासरी ३७ गुणांच्या वर गेली. माणूस तोच, हातही तोच. खाते बदलले.

थॉमसचे कसब निराळ्या जातीचे होते. समोरच्याला हुलकावणी देऊन आत शिरणे, हे कौशल्य कोणत्याही संघात, पाच मिनिटे खेळावयास मिळाली तरी दाखविता येते. त्याला कोणी रचना करून द्यावी लागत नाही. आणखी एक गोष्ट कागदावर होती, ती वाचावयास हवी होती. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी सोबतचा गार्ड जायबंदी झाल्यावर थॉमसने चेंडू पुरविण्याचे काम अंगावर घेतले आणि ते चोख केले. उभ्या उभ्या नवे काम शिकणारा उमेदवार पुढेही शिकतो. स्टेफन करी याचेही तसेच. डेव्हिडसन या लहानशा कॉलेजात तो आधी केवळ फेकणारा होता. तिसऱ्या वर्षी त्याने संघाची सूत्रे हाती घेतली. २००९ मध्ये तो सातवा निवडला गेला. अंग काटकुळे, कॉलेज लहान, अशा शंका तेव्हा त्याच्याविषयी होत्या. आज तीन गुणांच्या फेकींचा उच्चांक त्याच्या नावावर आहे.

करीच्या आधी, सहाव्या क्रमांकावर, मिनेसोटाने सिराक्यूस विद्यापीठाचा जॉनी फ्लिन हा गार्ड घेतला होता. हा पोरगा काही सामान्य नव्हे. २००९ च्या मार्चमध्ये सहा वेळा जादा वेळ दिल्या गेलेल्या एका सामन्यात तो ६७ मिनिटे खेळला होता. परंतु सिराक्यूसमध्ये प्रत्येकाने आपापल्या जागेचा बचाव करावयाचा, अशी पद्धत होती. समोरच्या एका माणसाला अडविण्याचे शिक्षण तेथे बेताचेच. आणि मिनेसोटात त्या वर्षी त्रिकोणी रचनेचा खेळ बसविला जात होता. त्या रचनेत चेंडू एका गार्डच्या हाती फार वेळ राहतच नाही. फ्लिनची तर सारी हुशारी चेंडू हातात असण्यात होती. तरीही पहिल्या वर्षी त्याने सरासरी १३.५ गुण मिळविले. मग २०१० मध्ये कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली आणि २०१२ नंतर तो एन.बी.ए.त दिसला नाही. येथे दुखापतीचा वाटा मोठा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण ज्या रचनेत चेंडू गार्डच्या हाती ठेवावयाचाच नाही, त्या रचनेत असा गार्ड बसविला कोणी? ही निवड फ्लिनची नव्हती.

मग भाकीत करूच नये काय? करावे, पण नीट करावे. गुणांची सरासरी पाहून फारसे कळत नाही. लांबची फेक टिकेल की नाही, याचा अंदाज कॉलेजातल्या तीन गुणांच्या टक्केवारीपेक्षा फ्री थ्रोच्या टक्केवारीवरून अधिक चांगला येतो, असा जाणत्यांचा अनुभव आहे. कारण फ्री थ्रोमध्ये अंतर तेच, समोर कोणी नाही, केवळ हाताची पारख होते. चेंडू किती वेळा गमावला ते पाहावे. वय पाहावे; बावीस वर्षांच्याने एकोणीस वर्षांच्यावर गाजविलेला पराक्रम थोडा सूट धरून मोजावा. दरवर्षी काय नवे शिकला ते पाहावे. हा झाला उमेदवाराचा कागद. त्याशेजारी दुसरा कागद खात्याचा असावा: चेंडू कोणाच्या हाती राहणार, बचावात याच्या पाठीशी कोण, शिकवावयास वेळ किती आणि प्रशिक्षक टिकणार काय? दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावाचून केलेले भाकीत अर्धेच असते.

हा आग्रह आम्ही का धरतो, तेही सांगतो. भाकीत चुकले तर त्याची किंमत भाकीत करणारा देत नाही. थॉमसने पुढे बोस्टनमध्ये २०१६-१७ च्या मोसमात सरासरी २८.९ गुण मिळविले; फ्रेडेटचा कॉलेजातला आकडा नेमका हाच होता. पण त्या वेळी त्याचा पगार २०१४ मध्ये ठरलेल्या करारानुसार होता: चार वर्षांचे मिळून २ कोटी ७० लक्ष डॉलर. आपल्या कानाला ही रक्कम डोंगराएवढी वाटते. त्याच्या तोडीचे गडी मात्र एकेका वर्षाला तेवढे मिळवीत होते. २०१७ मध्ये कमरेचा सांधा दुखावला, त्याच उन्हाळ्यात त्याला दुसऱ्या संघात धाडले गेले, आणि २०१८ मध्ये त्याने किमान वेतनावर एका वर्षाचा करार केला. साठाव्या क्रमांकाचे भाकीत चुकीचे ठरविण्यात त्याची उमेदीची वर्षे गेली; ते खोटे ठरले तेव्हा शरीराने हात टेकले.

भाकीत करणारे हे आजच चुकू लागलेले नाहीत. १९५० मध्ये होली क्रॉस कॉलेजचा बॉब कूझी हा गार्ड बोस्टनच्या प्रशिक्षकाला नको होता. कूझीला घेणाऱ्या एका संघाकडे तो गेला नाही, दुसरा संघ बुडाला, आणि शेवटी त्या बुडालेल्या संघातील तीन खेळाडूंची नावे टोपीतून चिठ्ठ्या काढून वाटली गेली. बोस्टनच्या वाट्याला कूझी आला. पुढे त्याच कूझीने बोस्टनला सहा अजिंक्यपदे मिळवून देण्यात हात लावला आणि सलग आठ मोसम सोबत्यांना पास पुरविण्यात तो सर्वांत पुढे राहिला. आम्हांस त्याच्याविषयी आदर वाटतो तो आणखी एका कारणाने. १९५४ मध्ये एन.बी.ए.च्या खेळाडूंची युनियन उभी केली, ती याच गार्डने. आपली किंमत टोपीतल्या चिठ्ठीवर ठरते हे ज्याने अनुभवले, त्याला करार लेखी असावा, असे वाटले तर नवल नाही.

आपणांपैकी पुष्कळ जण कचेऱ्यांत, शाळांत, कारखान्यांत अधिकाराच्या जागी असाल. दर सहा महिन्यांनी कोणातरी नव्या माणसाच्या कागदावर आपण शेरा लिहीत असाल. तो शेरा लिहिण्यापूर्वी या माणसाला आपण कोणते काम दिले, ते शिकावयास किती दिवस दिले आणि त्याच्या शेजारी कोणाला उभे केले, एवढे त्याच कागदावर आधी लिहावे, अशी आमची विनंती आहे.