जुन्या मोटारींची घरगुती निगा

(नागपूर येथे शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मोटारींविषयी बोलण्याचा अधिकार वस्तुतः यंत्रविशारदांचा. मी कला शाखेचा पदवीधर व माहिती खात्याचा सेवक. तथापि जुन्या मोटारीचा प्रश्न आता केवळ यंत्राचा राहिलेला नाही. महालातील वाड्याच्या पडवीत उभी असलेली पद्मिनी, काटोल-उमरेडकडच्या शेतघरातील जीप, निवृत्त शिक्षकाने स्वस्तात घेतलेली मारुती ८०० अशा गाड्या आपल्या जिल्ह्यात आजही दिसतात. कित्येक घरी त्या एकास दोन, दोनास तीन अशा जमल्या आहेत. नव्या गाडीच्या किमतीच्या अल्पांशात जुनी मिळते, एक बंद पडली तर दुसरी चालते, हा त्यामागील हिशेब. हिशेब चुकीचा नाही. मात्र तो पुरता मांडला जात नाही. कारण या गाड्यांत आपली मुलेबाळे बसतात, आणि त्यांचे ब्रेक व टायर हे खरेदीच्या रकमेत धरलेले नसतात.

या गाड्यांचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० बाहेर पडली व १९७४ पासून तीच ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपताच, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, अँबॅसडरचे त्याच वर्षी मे महिन्यात. म्हणजे आज आपल्या दारात उभी असलेली यांपैकी कोणतीही गाडी कारखान्यात पुन्हा तयार व्हावयाची नाही. सुटे भाग मिळतात, परंतु खरे कोणते व नकली कोणते हे ओळखणारा मिस्त्री दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहे. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटची फट, जी अर्धा मिलिमीटरही नसते, ती केवळ नजरेने जुळवणारे हात वृद्ध झाले. नव्या गॅरेजातील तरुण प्रथम संगणकाची तार जोडण्यास जागा शोधतो, आणि पद्मिनीत ती जागाच नसते.

हे कौशल्य आपल्याकडे नाही असे नव्हे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील एका कारागिराने जुन्या वाहनांचे भाग जुळवून, मोटारसायकलप्रमाणे किक मारून सुरू होणारी चारचाकी तयार केली. रस्त्याच्या नियमांत ती बसणारी नव्हती, म्हणून जानेवारी २०२२ मध्ये महिंद्र उद्योगसमूहाने ती आपल्याकडे घेऊन त्यांस नवी बोलेरो दिली. अशा हातांना शिकवावयास आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. मात्र तेथील मुलाला सोडून पुन्हा जोडता येईल असे साधे इंजिन या जुन्या गाड्यांतच सापडते, ही गोष्ट शिक्षक बंधूंनी ध्यानात घ्यावी.

आता नागपूरच्या हवेकडे वळू. मोटारीची जी पुस्तके आपण वाचतो ती बहुधा थंड मुलखात लिहिलेली असतात. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो व नवतपा सुरू झाला की दुपारी रस्ते ओस पडतात. जो गृहस्थ होळी झाली की कूलरच्या वाळ्याच्या ताट्या न चुकता बदलतो, तोच गाडीच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालण्यास विसरतो, हे मला नेहमी नवलाचे वाटते. उन्हाळ्यात बॅटरीतील पाणी झपाट्याने उडते, पट्ट्या उघड्या पडतात व बॅटरी अकाली मरते. ज्या बॅटरीस झाकणे आहेत तिची पातळी दर पंधरवड्यास पाहावी. रेडिएटरचीही तीच कथा. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी घातल्याने आत क्षारांचा थर बसतो, नळ्या अरुंद होतात आणि मग वर्धा मार्गावर भर दुपारी इंजिन तापते. डिस्टिल्ड वॉटर व कूलंट यांचा खर्च सिलिंडर हेड उतरवण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे सांगणे अनावश्यक वाटते. तरी दर उन्हाळ्यात कोणाचा ना कोणाचा हात भाजतोच.

कार्ब्युरेटरच्या गाडीस आणखी एक उन्हाळी व्याधी जडते. पेट्रोलचा पंप इंजिनला चिकटलेला असतो. उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होते, पंपाला वाफ पुढे ढकलता येत नाही आणि गाडी सिग्नलवर मुकाट बंद पडते. लोक स्टार्टर फिरवून फिरवून बॅटरी संपवतात. वस्तुतः गाडी सावलीत ढकलावी, बॉनेट उघडावे, पंपावर ओले फडके ठेवावे व थोडा वेळ स्वस्थ बसावे. जुने टॅक्सीचालक हेच करीत.

याच नळ्यांच्या बाबतीत अलीकडे एक नवी गोष्ट घडली आहे. पंपावरील पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. अशा पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली व २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. त्यामागील राष्ट्रीय हेतू व ऊस-मका उत्पादकांचा लाभ आपण जाणताच. परंतु जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व वायसर त्यासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल पाणीही शोषते. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत त्यामुळे गंज धरतो. यास्तव इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवून घ्याव्यात, उभ्या गाडीत पेट्रोल फार काळ ठेवू नये आणि बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला तर स्टार्टरला हात लावू नये.

घरी कोणते काम करावे व कोणते करू नये, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. इंजिन ऑइल, प्लग, फिल्टर, फॅनबेल्ट, बॅटरी, ग्रीस ही कामे कोणाही सुबुद्ध माणसाने शिकावीत. ब्रेक व स्टेअरिंग यांची दुरुस्ती जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावी. परीक्षा मात्र आपण करावी. गाडी उभी असताना ब्रेकचे पेडल जोराने दाबून धरा. ते हळूहळू खाली जाऊ लागले तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून दोन वर्षांनी ते बदलावे. त्यात चुकूनही इंजिन ऑइल पडू देऊ नये. आतील रबर फुगून ब्रेक निकामी होतात. टायरच्या बाजूवर चार अंकी संख्या असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी धावणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही, पण उन्हाने तडकतो, आणि नक्षी शाबूत पाहून मालक निर्धास्त राहतो.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. विटा तर भाराखाली क्षणात फुटतात. लोखंडी घोडीच हवी. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये, कारण त्या धुरातील विषारी वायूस वास नसला तरी तो प्राण घेतो. काढलेले जुने ऑइल गटारात ओतण्याची सवयही सोडली पाहिजे. ज्या नाग नदीवरून या शहरास नाव मिळाले, तिच्याकडेच ते अखेर वाहत जाते. ऑइल डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे व जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी.

ज्यांच्याकडे एकाहून अधिक गाड्या आहेत, त्यांनी शक्य तो एकाच जातीच्या ठेवाव्यात. तीन पद्मिनी सांभाळणे सोपे. एक पद्मिनी, एक जीप व एक हेराल्ड सांभाळणे म्हणजे तीन संसार करणे होय. शिवाय प्रत्येक गाडीस स्वतंत्र वही असावी. आपण अधिकारी मंडळी शासकीय वाहनाच्या लॉगबुकात किलोमीटर व इंधन इमानाने लिहितो. त्याच शिस्तीने घरच्या वहीत कोणता भाग केव्हा, कोठून, किती रुपयांस बसवला हे लिहावे. वर्षअखेर बेरीज केली की कोणती गाडी ठेवावी व कोणती जाऊ द्यावी, याचे उत्तर बहुधा त्या वहीतच असते. ममत्वाने ठेवलेली तिसरी गाडी पुष्कळदा पहिल्या दोघींच्या ब्रेकचे पैसे खाते.

राहता राहिले कागदपत्र. स्वस्त गाडी अनेकदा केवळ सह्या केलेल्या फॉर्मवर हातोहात फिरते व नोंदणी मूळ मालकाच्याच नावे राहते. अपघात घडल्यास भरपाईचे दायित्व नोंदणीकृत मालकावर येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. म्हणून विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते; नंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढते. हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले व २० वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने १०,००० रुपये करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर निराळा. गाडी घेण्यापूर्वीच चालू दर विचारून घ्यावेत. तृतीय पक्ष विमा व प्रदूषण प्रमाणपत्र रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीस हवे, मग ती महिन्यातून एकदा निघो.

शेवटी, पंचायत सदस्य नेहमी विचारतात त्या आवारातील जीपविषयी. १५ वर्षांवरील शासकीय वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू ठेवता येत नाही. त्या गाड्या नोंदणीकृत मोडणी केंद्राकडेच जावयाच्या. खासगी मालकाने पुढे रस्त्यावर न येणारी गाडी सुट्या भागांसाठी मोडून ठेवली असेल, तर तिची नोंदणी रद्द करण्यासाठी १४ दिवसांत कळवणे त्याचेही कर्तव्य आहे. गाडी मोडणी केंद्राकडे दिल्यास तेथून मिळणारे ठेव प्रमाणपत्र जपून ठेवावे. नव्या खासगी वाहनाच्या करात त्यावर २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. कबाड्याला वजनावर दिलेल्या गाडीस हे प्रमाणपत्र मिळत नाही, आणि तिचा क्रमांक पुढे कोणत्या गाडीवर फिरतो याचा पत्ताही मालकास लागत नाही.