‘ब’ कावीळ : प्रसार आणि प्रतिबंध



कावीळ म्हटली की पिवळे डोळे, अन्नावरची वासना उडालेला रोगी आणि दूषित पाणी हेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु विषाणुजन्य काविळीच्या प्रकारांपैकी सर्वाधिक बळी घेणारी ‘ब’ कावीळ, म्हणजेच हिपॅटायटिस बी, पाण्यातून पसरत नाही. आणि तिच्या बहुसंख्य वाहकांचे डोळे कधीही पिवळे होत नाहीत.

डॉ. बरूच ब्लूमबर्ग हे अमेरिकन शास्त्रज्ञ निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातील भेदांचा अभ्यास करीत होते. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन आढळले. हा शोध १९६५ साली प्रसिद्ध झाला. पुढे ते प्रथिन या विषाणूचेच आवरण असल्याचे सिद्ध झाले आणि १९७६ साली ब्लूमबर्ग नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लक्ष लोकांच्या शरीरात हा विषाणू कायमचा ठाण मांडून होता. भारतात ही संख्या सुमारे २ कोटी ९८ लक्ष, म्हणजे दर शंभरांत साधारणतः दोन होती. मात्र हे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. निकोबारी समाजाच्या पाहणीत ते शेकडा वीसहून अधिक आढळले होते. वारंवार रक्त घ्यावे लागणारे रुग्ण, डायलिसिसवरील रुग्ण आणि एकच सुई अनेकांनी वापरून मादक द्रव्ये टोचून घेणारे यांच्यातही ते सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक असते.

असा फरक का पडतो? त्याचे प्रमुख कारण लागण होतेवेळचे वय हे होय. प्रौढपणी लागण झाल्यास शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक लोक विषाणूवर मात करतात. उलट जन्मतःच मातेकडून लागण झालेल्या शंभर बालकांपैकी सुमारे नव्वद आजन्म वाहक होतात. अशी मुलगी मोठी होऊन माता बनली की तोच वारसा पुढच्या पिढीस मिळतो. काही समूहांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतो तो अशा रीतीने. वाहकास बरीच वर्षे काहीच जाणवत नाही. आणि ऐन कर्तेपणी यकृत आकसणे किंवा यकृताचा कर्करोग यांपैकी एखाद्याचे निदान होते.

ही साखळी तोडता येते. तैवानने १९८४ साली नवजात बालकांना लस टोचण्यास प्रारंभ केला. त्या वेळी तेथील पंधरा वर्षांखालील मुलांत शेकडा सुमारे दहा वाहक होती. दहा वर्षांत हे प्रमाण शेकडा दीडच्याही खाली आले. भारतात २००२-०३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली ही लस २०११ पासून देशभरातील नियमित लसीकरणात समाविष्ट आहे. पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आत आणि पुढील मात्रा सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट लसीतून दिल्या जातात. बाळंतपण घरी झाले तर नेमकी पहिली मात्रा हुकते, आणि सर्वांत मोलाची मात्रा तीच होय. म्हणून गरोदरपणी रक्ततपासणी आणि रुग्णालयातील बाळंतपण यांस विशेष महत्त्व आहे.

२८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधोपचार विनामूल्य आहेत. औषधांनी विषाणू सहसा समूळ जात नाही, पण त्याचा जोर आवरता येतो. गळ्यात माळ घालून अथवा नाकात औषध पिळून ही कावीळ ‘उतरत’ नाही. त्या भरवशावर मोलाचा काळ मात्र वाया जातो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. एका पंक्तीत जेवल्याने, हात हाती घेतल्याने किंवा मूल कडेवर घेतल्याने हा रोग जडत नाही. तो रक्त व शारीरिक संबंध यांवाटे पसरतो. तेव्हा वस्तरा, सुई, दात घासण्याचा ब्रश आणि गोंदणाची सुई इतरांशी वाटून वापरू नये. परंतु वाहक माणसाचे ताट कोणी वेगळे मांडू नये. सून वाहक निघाली तर तिला दोष देणेही अन्यायाचे आहे. तिला तो बहुधा बालपणीच, तिच्या नकळत मिळालेला असतो. तिचे बाळ मात्र त्यापासून वाचू शकते. त्यासाठी जन्मानंतरचे पहिले चोवीस तास वाया जाता कामा नयेत.